शिपायाची नजर आणि श्वासाचें माप

रात्रीचे बारा वाजून गेलेले असतात. मोठ्या रस्त्यावर लोखंडी अडथळे तिरपे मांडून ठेवलेले असतात आणि गणवेषांतील एक शिपाई हात वर करून येणारी मोटार थांबवितो. कांच खालीं होते, एक लहानसें यंत्र पुढें येतें आणि "यांत फुंका" एवढेच दोन शब्द ऐकूं येतात. मेजवानीहून परतणाऱ्या गृहस्थाच्या मनांत त्या क्षणीं प्रश्नांची गर्दी उसळते. थांबावें, कीं वेग वाढवावा? फुंकावें, कीं नाकारावें? ओळखीच्या कोणाला दूरध्वनि करावा, कीं खिशांत हात घालावा? श्रोतेहो, या प्रश्नांचीं उत्तरें कायद्याच्या पुस्तकांत आहेतच; परंतु तीं तशीं कां आहेत हें समजण्यास दीडशें वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. तो इतिहास एका साध्या अडचणीचा आहे : समोरचा माणूस प्यालेला आहे हें ठरवावयाचें कोणी आणि कशावरून?

या अडचणीचा आरंभ मोटारीच्या जन्मापूर्वींच झाला. इंग्लंडांत १८७२ सालीं मद्यविक्रीच्या परवान्यांसंबंधीं जो कायदा झाला, त्यांतील एका कलमानें सार्वजनिक रस्त्यावर गाडी, घोडा, गुरें किंवा वाफेचें एंजिन ताब्यांत असतां नशेंत असणें हा गुन्हा ठरविला. शिक्षा म्हणजे चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. कलम मोठें दूरदर्शी होतें. पण 'नशेंत असणें' म्हणजे काय, याची व्याख्या त्यांत नव्हती. घोड्याच्या युगांत ही उणीव कशीबशी निभावली. गाडीवान पेंगला तरी जनावर आपण होऊन खड्ड्यांत उडी घेत नाहीं आणि पुष्कळदां घरची वाटहि तेंच धरतें. मोटारीला हें शहाणपण नाहीं. तिच्या चाकांमागें जें काय शहाणपण असेल, तें हांकणाऱ्याच्याच डोक्यांत असतें.

१० सप्टेंबर १८९७ रोजीं लंडनमध्यें जॉर्ज स्मिथ नांवाच्या पंचवीस वर्षांच्या भाडोत्री गाडीवानानें आपली विजेवर चालणारी गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरील एका इमारतीवर नेऊन आदळली. दोनतीन पेले बिअर घेतल्याचें त्यानें कबूल केलें, त्यास दंड झाला आणि नशेंत मोटार हांकल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणून त्याचें नांव इतिहासांत राहिलें. त्यानें कबुली दिली म्हणून पुराव्याचा प्रश्न उपस्थित झाला नाहीं. पण त्यानें नाकारलें असतें तर? न्यायाधीशापुढें शिपायाचा शब्द आणि गाडीवानाचा शब्द, याखेरीज तिसरें कांहींच राहिलें नसतें.

पुढील चाळीस वर्षें बहुतेक ठिकाणीं हीच स्थिति होती. शिपाई तोंडाचा वास घेई, चाल पाही, बोलणें अडखळतें कीं नाहीं इकडे लक्ष देई. चौकीवर पोलिसांचा डॉक्टर येऊन त्या माणसास सरळ रेषेवर चालावयास लावी, कठीण शब्द उच्चारावयास सांगे आणि बुबुळें तपाशी. इंग्लंडांत १९३० सालच्या रस्ते-वाहतूक कायद्यानें भाषा थोडी सुधारली; मद्याच्या अंमलामुळें वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ असणें, असें गुन्ह्याचें स्वरूप ठरलें. तरीहि असमर्थता मोजावयाची कशानें, हें कोणीच सांगितलें नाहीं.

या पद्धतींत अन्याय दोन्ही बाजूंनीं होई. मधुमेहाच्या विकारानें ग्लानि आलेला किंवा डोक्यास मार लागलेला मनुष्य झोकांड्या खातो आणि अडखळत बोलतो. नजरेला तो प्यालेलाच दिसतो. उलटपक्षीं, वर्षानुवर्षें पिणारा सराईत मनुष्य पेल्यावर पेले रिचवूनहि ताठ उभा राहतो आणि अंमलदारास अदबीनें नमस्कार करतो. नजरेला तो शुद्धीवर दिसतो. आणखीहि एक गोष्ट होती. नजर कपडे पाहते, भाषा ऐकते आणि गाडी किती किंमतीची आहे याचाहि अंदाज घेते. मालमोटारीच्या चालकाचा तोल जाणें आणि एखाद्या बड्या गृहस्थाचा तोल जाणें, हीं दोन्हीं तिला सारखींच वाटतील याचा भरंवसा काय? नजरेवर चालणाऱ्या कायद्यांत वशिल्याला आणि लांचेला जागा आपोआप होते, कारण नजर फिरवितां येते.

यांतून सुटका रसायनशास्त्रानें केली. लंडनचे वैद्य फ्रान्सिस ॲन्स्टी यांनीं १८७४ सालीं आपले अखेरचे प्रयोग प्रसिद्ध केले. घेतलेल्या मद्यार्कापैकीं अगदीं थोडा अंश श्वासावाटे व मूत्रावाटे बाहेर पडतो, बाकीचा शरीरांतच जळून जातो, हें त्यांनीं दाखविलें. पुढें स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनीं १९२२ सालीं रक्ताच्या कांहीं थेंबांवरून मद्यार्काचें प्रमाण मोजण्याची रीत सिद्ध केली. त्यांच्या अभ्यासांतून दुसरीहि एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली : मद्यार्क शरीरांतून बहुतांशीं एका ठराविक गतीनेंच नाहींसा होतो. या ज्ञानाचा कायद्यांत उपयोग करण्याचा मान नॉर्वेकडे जातो. १९३६ सालीं त्या देशानें रक्तांतील मद्यार्काची मर्यादा आंकड्यानेंच ठरवून टाकली. हजारांत अर्धा भाग. ती ओलांडली कीं गुन्हा झाला, मग तो मनुष्य सरळ चालो वा वांकडा.

परंतु रस्त्यावर रक्त कोण काढणार? सुई, डॉक्टर आणि प्रयोगशाळा मध्यरात्रीं नाक्यावर कोठून आणावयाची? येथें श्वास कामास आला. फुप्फुसांतील खोल हवा आणि तेथून वाहणारें रक्त यांच्यामध्यें मद्यार्काची वांटणी एका प्रमाणानें होते. सुमारें २१०० मिलिलिटर श्वासांत जितका मद्यार्क असतो, तितकाच एक मिलिलिटर रक्तांत असतो असें धरून हिशेब केला जातो. १९२७ सालीं अमेरिकेंत एमिल बोगेन यांनीं फुटबॉलच्या ब्लॅडरमध्यें श्वास सांठवून त्याची तपासणी करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंडियाना विद्यापीठांतील रोला हार्गर यांनीं १९३१ च्या सुमारास 'ड्रंकोमीटर' नांवाचें यंत्र तयार केलें. संशयितानें फुगा फुगवावयाचा आणि त्यांतील हवा पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणांतून सोडावयाची. मद्यार्क असल्यास रंग उडे. पुढें १९५४ सालीं त्याच राज्यांतील पोलिसखात्यांत काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनीं 'ब्रेथलायझर' हें अधिक सुटसुटीत यंत्र बनविलें. आज नाक्यावर दिसणाऱ्या यंत्रांपैकीं बहुतेकांत रसायनाचा रंग बदलत नाहीं. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मद्यार्काचें ज्वलन होऊन जो सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, त्यावरून आंकडा उमटतो.

आंकडा मिळाला, पण त्या आंकड्याचा अपघाताशीं खरोखर संबंध किती? बोर्केनस्टाइन यांनींच याचा शोध घेतला. मिशिगन राज्यांतील ग्रँड रॅपिड्स या शहरीं १९६२-६३ सालीं अपघातांत सांपडलेल्या हजारों चालकांचा श्वास तपासण्यांत आला आणि तशाच वेळीं, तशाच ठिकाणांहून सुखरूप जाणाऱ्या हजारों चालकांचाहि तपासण्यांत आला. १९६४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, शंभर मिलिलिटर रक्तांत मद्यार्क ८० मिलिग्रॅमच्या पुढें गेला म्हणजे अपघाताचा संभव झपाट्यानें वाढत जातो. "मला चढत नाहीं" हें जें प्रत्येक पिणारा छातीठोकपणें सांगतो, त्याचा निकाल या मोजणीनें लागला. शिपायाची नजर जशी फसते, तशीच पिणाऱ्याची स्वतःविषयींची नजरहि फसते; किंबहुना अधिक फसते, कारण जी बुद्धि परीक्षा करावयाची तीच आधीं मंदावलेली असते.

ब्रिटनमध्यें वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनीं १९६७ सालीं ८० मिलिग्रॅमची मर्यादा घालणारा कायदा अंमलांत आणला. बाई स्वतः मोटार चालवीत नसत, आणि हा मुद्दा त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनीं सोडला नाहीं. व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आला अशी ओरड झाली, मद्यगृहांचे मालक संतापले. परंतु पहिल्याच वर्षीं रस्त्यांवरील मृत्यु हजाराहून अधिकांनीं कमी झाले, आणि घट मुख्यतः रात्रीच्या त्या वेळांत झाली, ज्या वेळीं लोक पिऊन घरीं परततात. मात्र कांहीं वर्षांनीं हा परिणाम ओसरूं लागला. लोकांना अनुभवानें कळलें कीं, प्रत्यक्षांत आपणांस अडविलें जाण्याचा संभव थोडा आहे. याउलट ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यानें १९८२ च्या डिसेंबरपासून कोणत्याहि चालकास थांबवून श्वास तपासण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर चालू केली, तेव्हां मृत्यूंत झालेली घट टिकून राहिली. यावरून दिसून आलें तें असें कीं, शिक्षेच्या कठोरपणापेक्षां तपासणीच्या खात्रीचें भय अधिक उपयोगी पडतें. रात्रीच्या नाकेबंदीचा जो त्रास शुद्धीवर असलेल्या शंभर जणांना सोसावा लागतो, त्याचें प्रयोजन हेंच आहे.

येथें एक गंभीर आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येत नाहीं, हें आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदांतील अभिवचन आहे. मग स्वतःचा श्वास किंवा रक्त देणें ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे काय? मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यांत १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एक महत्त्वाचा भेद केला. आपल्या मनांतील माहिती शब्दांनीं सांगावयास लावणें ही साक्ष होय. परंतु बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणें ही तशी साक्ष नव्हे, कारण त्या वस्तु स्वतः कांहीं कबूल करीत नाहींत, त्यांची तुलना तेवढी होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं रक्ताच्या नमुन्यासंबंधीं असाच विचार मांडला. चालकाच्या दृष्टीनें याचा व्यवहारी अर्थ सोपा आहे : आपण कोठें, किती, कोणाबरोबर प्यालों याची कहाणी सांगण्यापेक्षां गप्प राहणें निराळें, आणि यंत्रांत फुंकण्याचें नाकारणें निराळें.

आतां आपल्याकडे पाहूं. १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्यांत इंग्रजी कायद्याचीच भाषा आली होती. ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतका अंमल. मुंबई राज्यांत रक्तांतील मद्यार्काचा आंकडा कायद्यांत शिरला, तो मात्र रस्त्याच्या वाटेनें नव्हे, तर दारूबंदीच्या वाटेनें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यांत १९५९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्यांत रक्तांत शेंकडा ०.०५ इतका मद्यार्क आढळल्यास काय मानावें याचा नियम घातला गेला. पुढें महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं, तोंडास वास येणें, चाल डळमळणें, बोलणें असंबद्ध होणें आणि बुबुळें विस्फारणें एवढ्यावरूनच मनुष्य मद्य प्याला होता असा निष्कर्ष काढतां येणार नाहीं. शिपायाच्या नजरेची मर्यादा यापेक्षां स्पष्ट शब्दांत क्वचितच कोणी सांगितली असेल.

१९८८ च्या नव्या कायद्यांत लंबक दुसऱ्या टोकास गेला. रक्तांत मद्यार्काचा लवलेश सांपडला तरी गुन्हा, असें १८५ वें कलम म्हणूं लागलें. १९९४ च्या दुरुस्तीनें तें भानावर आलें आणि १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. ब्रिटनमधील १९६७ च्या मर्यादेहून ती कितीतरी कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. हा कायदा साऱ्या देशास एकच आहे. मुंबईहून पणजीस गेलेल्या प्रवाशानें तिकडे मद्यालयें अधिक मोकळीं दिसलीं म्हणून तेथील रस्त्यांवरहि मोकळीक आहे असें समजूं नये. ३० चा आंकडा तेथेंहि ३० च आहे.

या आंकड्यांमागें काय आहे, याचें स्मरण मुंबईकरांना वेगळें करून द्यावयास नको. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहांटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तेथें दिवसभर राबून मजूर कुटुंबें झोंपलेलीं होतीं. त्यांतील सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तांत शेंकडा ०.११२ मद्यार्क सांपडला. खालच्या न्यायालयानें सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयानें ती तीन वर्षांची केली आणि २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीच कायम ठेवली. मेलेल्यांपैकीं कोणी मेजवानीस गेलें नव्हतें, कोणी मोटारींत बसलें नव्हतें. नाक्यावरील तपासणी मुख्यतः कोणासाठीं आहे, या प्रश्नाचें उत्तर त्या पदपथावर आहे. २००७ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीं श्वासयंत्रें घेऊन रात्रीच्या तपासणीची जोरदार मोहीम चालविली.

आतां आरंभींच्या प्रश्नांकडे या इतिहासाच्या उजेडांत पाहतां येईल. शिपायानें हात दाखवितांच चालकानें वेग कमी करावा, डावीकडे मोटार उभी करावी, एंजिन बंद करावें आणि आंतील दिवा लावून हात दिसतील असे ठेवावे. पळून जाणें हा दुसरा गुन्हा होय, आणि अंधारांत अडथळे चुकवून पळणारी मोटार नाक्यावरील शिपायाच्याच अंगावर जाण्याचा धोका असतो. अनुज्ञप्ति व इतर कागद मागितल्यावर दाखवावे. बोलणें थोडें आणि सभ्य असावें. हुज्जत घातल्यानें आंकडा बदलत नाहीं.

यंत्रांत फुंकावयास सांगितलें तर फुंकावें. कलम २०३ प्रमाणें, संशयास वाजवी कारण असल्यास गणवेषांतील पोलिस अंमलदारास श्वासाचा नमुना मागण्याचा अधिकार आहे. नकार दिल्यानें सुटका होत नाहीं. मद्याचा संशय असतांना नकार देणाऱ्यास अटक करतां येते आणि कलम २०५ प्रमाणें, विनाकारण दिलेला नकार न्यायालयांत त्याच्याच विरुद्ध जमेस धरला जाऊं शकतो. नळी नवी आहे ना हें पाहण्यास, यंत्रावरील आंकडा स्वतः वाचण्यास आणि छापील चिठ्ठी निघत असल्यास तिची प्रत मागण्यास कांहींच हरकत नाहीं. तोंड धुण्याचें औषध किंवा मद्यार्कयुक्त काढा नुकताच घेतला असेल, तर तसें स्पष्ट सांगून थोड्या वेळानें पुन्हा मोजण्याची विनंती करावी. तोंडांत राहिलेला अंश यंत्रास फसवूं शकतो. पण तो थोड्याच वेळांत निघून जातो, रक्तांतला जात नाहीं.

अटक झालीच तर कायदा चालकासहि विसरलेला नाहीं. चौकीवर पुन्हा श्वास देण्याची संधि त्यास मिळाली पाहिजे. रक्ताचा नमुना नोंदणीकृत डॉक्टरानेंच घ्यावयाचा असतो. स्त्रीचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असेल, तर दुसरी स्त्री तेथें हजर असली पाहिजे. विनावॉरंट अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आंत झाली नाहीं, तर त्यास कोठडींतून सोडलें पाहिजे, असें कलम २०२ सांगतें. हीं रक्षणें कोणाच्या मेहेरबानीनें मिळत नाहींत. नजरेच्या जागीं माप आल्यामुळें तीं मिळालीं. ज्या क्षणीं चालक नोटा पुढें करतो किंवा एखाद्या बड्या नांवाचा उल्लेख करतो, त्या क्षणीं तो मापाचें युग सोडून पुन्हा नजरेच्या युगांत जातो. तेथें आज त्याचें काम झालें, तरी उद्यां त्याच्यापेक्षां मोठ्या वशिल्याचा मनुष्य त्याच्याच मुलांना चिरडून सुटूं शकतो.

शेजारीं बसलेल्या मित्रांचेंहि यांत अंग आहे. "अरे, दोन पेल्यांनीं काय होतें? चल, तूंच चालव," असें म्हणणारा केवळ वाईट सोबती नव्हे, अशा गुन्ह्यास चिथावणी देणारालाहि याच कायद्यांत शिक्षा सांगितली आहे. किल्ली काढून घेणाऱ्या मित्राचा त्या रात्रीं राग येईल. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्याच घरीं चहास जावें.

शेवटीं विडमार्क यांच्या शोधावरून एक हिशेब मांडतों. सामान्यतः रक्तांतील मद्यार्क तासाला सुमारें १५ मिलिग्रॅमनें उतरतो; कोणाचा थोडा लवकर, कोणाचा थोडा उशिरां. ज्याच्या रक्तांत ११२ आहे, त्यास ३० वर येण्यास साडेपांच तासांच्या आसपास लागतात. काळी कॉफी, लिंबाचें सरबत, ताक, थंड पाण्याची अंघोळ, यांपैकीं कशानेंहि ही गति वाढत नाहीं. झोंप उडते, मद्य उडत नाहीं. म्हणजे मध्यरात्रीं पेला ठेवून पहांटे सहा वाजतां मोटार काढणारा मनुष्यहि कित्येकदां मर्यादेबाहेरच असतो.

तेव्हां पोलिसांनीं अडविल्यावर कसें वागावें, याचें उत्तर सांगून झालें. पण अडविलें जाण्याच्या वेळीं निर्णय घेण्यासारखें चालकाजवळ फारसें कांहीं उरलेलें नसतें. त्याचा खरा निर्णय संध्याकाळीं झालेला असतो, घरून निघतांना. आज पिण्याचा बेत असेल तर मोटारीची किल्ली खुंटीवरच राहूं द्यावी, आणि भाड्याच्या गाडीनें, आगगाडीनें किंवा न पिणाऱ्या स्नेह्याच्या सोबतीनें परतावें. मग वाटेंत शिपायानें हात दाखविला, तर मागच्या बैठकीवरून त्यास निर्धास्तपणें नमस्कार करतां येईल.